दाराबाहेर चपला

कुणाच्याही घरी कामाला गेले की मी चपला उंबऱ्याच्या आत नेत नाही. दाराबाहेर काढते आणि तोंडं रस्त्याकडं करून ठेवते. आमच्या सेंटरमध्ये नवी बाई कामाला लागली की तिथल्या मॅडम तिला माझ्याकडं पाठवतात आणि मी सगळ्यात आधी हेच सांगते. ती हसते. तिला वाटतं, शकुन-अपशकुनाचं काही असेल. तसं काही नाही. घाईनं बाहेर पडायची वेळ आली तर पाय सरळ चपलेत जावेत, हे एक. आणि रस्त्यानं जाणाऱ्याला दिसावं की या घरात बाहेरची एक बाई आलेली आहे.

माझं काम अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं. अंग पुसायचं, कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, पडून पडून पाठीला झालेल्या जखमांचं ड्रेसिंग करायचं. जालन्यातलं एक सेंटर आम्हाला घरोघर पाठवतं. पेशंट शहरात असला तर मी पायी जाते, खेड्यात असला तर बसनं. कामावर घेताना सेंटरनं एक दुपार बसवून शिकवलं होतं. बॅग पलंगाजवळ ठेवायची नाही, दाराजवळ ठेवायची. दार दिसेल असं बसायचं. घरात शिरताना सेंटरच्या फोनवर एक मिस कॉल द्यायचा, निघताना एक. निघतानाचा आला नाही तर सेंटर फोन करून चौकशी करणार.

काही नियम मी माझे केले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण कामावर जाताना मी मंगळसूत्र घालते, टिकली लावते. कुणी विचारलं तर मालक घ्यायला येणारेत असं सांगते. जालन्यात मस्तगडला जिन्याखाली माझी एक खोली आहे. तिच्या दारात त्यांचे बूट ठेवलेले आहेत. आठवण म्हणून नाही. जिन्यानं वरखाली करणाऱ्यांना वाटावं की आत पुरुष माणूस आहे. मूलबाळ नाही, त्यामुळं या खोट्यात कुणाला सामील करून घ्यावं लागलं नाही.

घनसावंगीकडचं ते घर मला मिळालं तेव्हा पावसाळा सरत आला होता. जालन्याहून बसनं घनसावंगी, तिथून जीपनं गाव. जीप भरेपर्यंत सुटायची नाही, म्हणून मी सकाळी लवकर निघायची. पेशंट एक आजी होत्या. लकव्यानं उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. समजायचं मात्र सगळं. डोळे एवढे बोलायचे की कधी कधी मला उत्तर द्यावंसं वाटायचं. कमरेच्या खाली माकडहाडावर जखम होती, मूठ मावेल एवढी. आठवड्यातून दोनदा मी जायची. मधल्या दिवसांचं सून बघायची. सून हाताला हुशार होती. एकदा दाखवलं की बराबर करायची.

घर जुन्या पद्धतीचं नव्हतं, सिमेंटचं होतं. पुढं ओसरी, मग पुढची खोली, मग मधली खोली, मागं स्वयंपाकघर. आजींची खाट मधल्या खोलीत. पाहुणे येतात, वास आलेला बरा दिसत नाही, म्हणून तिथं ठेवलेली. मधली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नव्हती, पत्र्याचा आडोसा होता. दिवाळीनंतर पुढच्या खोलीत कापूस रचला. भाव येईपर्यंत राहणार होता. छातीएवढा ढीग, आणि भिंतीच्या कडेनं एक माणूस जाईल एवढी वाट. त्या वाटेनं मधल्या खोलीत गेलं की बाहेरचा आवाज बंद व्हायचा. कापसात आवाज मुरतो. आधी मला ते बरंच वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी कळलं की त्या गल्लीत फोनला रेंज नाही. मिस कॉल जाणारच नव्हता. मग मी समोरच्या घरातल्या मावशींशी बोलले. त्या एकट्याच राहायच्या, दोन शेळ्या होत्या आणि दिवसभर ओट्यावर बसून काहीतरी निवडत असायच्या. मी त्यांना सांगितलं की माझ्या चपला दारात दिसल्या तर मी आत आहे असं समजायचं. दुपारची जीप यायच्या वेळेलाही चपला तिथंच असल्या तर मला हाक मारायची. त्यांनी कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बसून असतेच की मी. चपलाबी बघीन."

मला वाटलं, झाली सोय.

आता चूक कुठं झाली ते सांगते. आमच्या कामातल्या बायका पेशंटशी बोलतात. बोलावंच लागतं. माणूस उघडं करून हात लावायचा, तर त्याला कळत राहिलं पाहिजे की आपण काय करतोय. आता पाणी लावते, आता जरा चुणचुणेल, आता झालं. हे बोलता बोलता दुसरं बोलणं येतं. आणि पेशंटला बोलता येत नसेल तर ते जास्तच येतं. सांगितलेलं कुठं जाणार नाही याची खात्री असते. मी आयुष्यात कुणापुढं रडगाणं गायलेलं नाही. पण त्या मधल्या खोलीत, कापसाच्या मागं, मला घरी गेल्यासारखं वाटायला लागलं होतं. माझ्या खोलीत मी बोलत नाही. कुणाशी बोलणार? कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येतात. इथं मी त्या आजींना सगळं सांगत गेले. नवरा कसा गेला. मंगळसूत्र खोटं कसं आहे, म्हणजे सोनं खोटं आणि ते घालणंही खोटं. दारातले बूट. सणाच्या दिवशी मुद्दाम काम मागून घेते, ते. एकदा त्यांनी चांगल्या हातानं मला थांबवलं, निघू नको म्हणून, तेव्हा मी म्हटलं होतं, "थांबते की. घरी कोण वाट बघतंय माझी."

पत्र्याच्या आडोशापलीकडं त्यांचा मुलगा चहा पीत बसलेला असायचा, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पेशंटचं तोंड बंद होतं, घराचं नव्हतं.

मुलगा चाळिशीचा असेल. सुरुवातीला मला सिस्टर म्हणायचा, मान खाली घालून पाणी आणून द्यायचा. मी त्याला भाऊ म्हणायची. आम्ही सगळ्याच जणी म्हणतो. घरात शिरलं की पहिल्या वाक्यातच पुरुषाला भाऊ नाही तर दादा म्हणून टाकायचं. कापूस रचल्यानंतर थोड्याच दिवसांत सून माहेरी गेली. कशासाठी गेली ते कुणी सांगितलं नाही. मग कूस धरायला तो यायला लागला. हे काम दोघांचंच आहे. खाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत त्यानं उभं राहायचं, आजींना स्वतःकडं वळवून दोन्ही हातांनी धरायचं, एक हात खांद्याला, एक कमरेला. मी अलीकडून, दाराच्या बाजूनं, जखम साफ करायची. तो ते नीट करायचा. तेवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

एके दिवशी मी त्याला भाऊ म्हटलं तर म्हणाला, "भाऊ नका म्हणू. बहिणी लई हाईत मला." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या खेपेला निघताना चपला दारात नव्हत्या, आत होत्या. कुत्रं नेतंय म्हणून उचलून ठेवल्या, म्हणाला. कुत्री चपला नेतात, हे खरंच आहे. मी म्हटलं, नेऊ द्या, नव्या घेईन, पण बाहेरच राहू द्या. तो हसला. त्यानंतर एकदा विचारलं, "तुमचे मालक कधी घ्यायला आलेले दिसले न्हाईत." मी म्हटलं, ते स्टँडवर थांबतात. त्या रात्री मी स्वतःला सांगितलं की मॅडमना कळवायचं. कळवायचं काय, ते ठरेना. हसला? बहिणी आहेत म्हणाला? चपला उचलून ठेवल्या? एकेक गोष्ट घेतली तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग तो दिवस. वारं सुटलं होतं. मी चपला बाहेर काढल्या, समोर मावशी शेळीला पाला टाकत होत्या, त्यांना मान हलवली आणि आत गेले. बॅग पुढच्या खोलीच्या दाराशी ठेवली. लागेल तेवढंच सामान ट्रेमध्ये घेऊन मधल्या खोलीत गेले. त्यानं आजींना धरलं, मी जखम धुतली, औषध भरलं, वर जाळीचं कापड ठेवलं. तेवढ्यात बाहेर कोंबड्या ओरडल्या म्हणून तो आजींना हळूच उताणं टेकवून बाहेर गेला. थोड्या वेळानं पुढच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मी विचारलं, दार का लावलं. वाऱ्यानं कापूस उडून राह्यला, म्हणाला.

तो परत आला, पण आपल्या जागेवर गेला नाही. कापूस आणि भिंत यांच्या मधल्या वाटेत उभा राहिला. ती वाट भरून गेली.

मी म्हटलं, मला जल्दी निघायचंय आज, एसटी चुकेल. तो म्हणाला, "घाई कशाला? घरी कोण वाट बघतंय?"

माझंच वाक्य होतं. जसंच्या तसं. मी ते कुणाला सांगितलं होतं ते मला माहीत होतं, आणि त्यांना बोलता येत नव्हतं. मग पत्र्याचा आडोसा आठवला, चहाची बशी ठेवल्याचे आवाज आठवले, आणि एकेक करून सगळ्या दुपारी आठवल्या. भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली, कुणीतरी आपली पेटी उघडून कपडे चाळावेत तशी.

ओरडण्यात अर्थ नव्हता. ओरडणं कापसात गेलं असतं. त्याला उत्तर दिलं असतं तर बोलणं सुरू झालं असतं, आणि ते मला सुरू करायचं नव्हतं. मी हातांकडं बघितलं. हातमोजे घातलेले, औषधानं पिवळे झालेले. मग कामाच्या आवाजात म्हटलं, "इकडं या. आईला वळवा. पट्टी लावायची राहिली."

तो हलला नाही. मी आजींच्या कमरेखाली हात घातला आणि एकटीनंच वळवायला लागले. त्या कण्हल्या. मी त्याच्याकडं न बघता म्हटलं की जाळी सरकली तर जखम फाटेल, मग दवाखान्यात न्यावं लागेल. तो आला. रोजच्या सवयीनं खाटेला वळसा घालून त्या फटीत जाऊन उभा राहिला, एक हात खांद्याला, एक कमरेला. आजी त्याच्याकडं वळल्या. त्यांचं सगळं वजन त्याच्या हातांवर आलं, आणि जखम माझ्याकडं उघडी झाली.

"आता सोडायचं नाही," मी म्हटलं. "सोडलं तर त्या धाडकन जखमेवर पडतील. मी चिकटपट्टी आणते, बॅगेत आहे."

तेव्हा आजींनी चांगल्या हातानं त्याचं मनगट धरलं. आधाराला धरलं की आणखी कशाला, हे मला आजही सांगता येणार नाही. मी निघाले तोवर त्यांनी ते सोडलेलं नव्हतं.

मी धावले नाही. कापसाच्या कडेनं चालत गेले, बॅग उचलली, कडी काढली. ओल्या हातमोज्यांनी कडी निसटत होती, दोनदा धरावी लागली. दार उघडल्यावर खाली बघितलं तर चपला नव्हत्या. अनवाणीच गल्ली ओलांडली. मागून त्याची हाक आली, आतून, बारीक झालेली. "सिस्टर, पट्टी राह्यली."

मावशी ओट्यावर तूर निवडत होत्या. माझ्याकडं बघून त्यांचा हात सुपातच थांबला.

"अगं माय," त्या म्हणाल्या, "तू तर गेल्ती ना? दारात चपला न्हवत्या."

मी बसले. ओट्याचा दगड उन्हानं तापला होता तरी पाय गार वाटत होते. मावशींनी माझ्या हातमोज्यांकडं बघितलं, पायांकडं बघितलं, समोरच्या उघड्या दाराकडं बघितलं. शेळ्या हाकायची काठी घेतली आणि तशाच आत गेल्या. बराच वेळ गेला. बाहेर आल्या तेव्हा एका हातात काठी होती, दुसऱ्यात माझ्या चपला.

"कुत्र्यानं नेल्या म्हणतोय. लई हुशार कुत्रं हाय," त्या म्हणाल्या. "चपला कोनाड्यात ठिवतंय आन् वरून फडकं टाकतंय." मग पदरानं चपला पुसून माझ्यापुढं ठेवल्या. "पट्टी मी लावली. वाकडी लागली जरा."

तो आणखी काय म्हणाला ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. जीप येईपर्यंत त्या माझ्याबरोबर उभ्या राहिल्या, शेळ्या मोकळ्या सोडून.

घनसावंगीच्या स्टँडवर रेंज आली. मॅडमना फोन लावला आणि जे झालं ते क्रमानं सांगितलं. त्यांनी विचारलं, हात लावला का? मी म्हटलं, नाही. मग तक्रार कशाची करायची, असं त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरोखरच विचारत होत्या. उद्यापासून दुसरा पेशंट देते, त्यांचं काम सोडून देऊ, असंही म्हणाल्या. मी विचारलं, त्या घरून माझा मिस कॉल एकदाही आला नाही, ते कुणी बघितलं होतं का? त्यांनी बघून सांगितलं. तो फोन जिच्याकडं असायचा ती मुलगी नोकरी सोडून गेली होती. फोन कपाटात होता.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मी सगळ्या घरांचा हिशोब करत गेले. इतके दिवस इतक्या दारांतून मी मिस कॉल दिले होते आणि ते सगळे एका बंद कपाटात वाजत होते. रडू वगैरे आलं नाही. भूक लागली होती.

आजींचं काम सोडायचं तर दुसरी बाई पाठवायला पाहिजे, आणि दुसरी मिळणार नव्हती. तेवढ्या लांब जायला कुणी तयार नसायचं. ड्रेसिंग थांबलं तर जखम हाडापर्यंत जाणार आणि मग दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न, हे मला दिसत होतं. हे सगळं मी मावशींना फोनवर सांगितलं. त्यांच्याकडं दुसऱ्या कंपनीचा साधा फोन होता, गल्लीच्या तोंडाशी पिंपळापाशी गेलं की लागायचा, आणि संध्याकाळी शेळ्या घेऊन त्या तिथंच असायच्या. निघताना त्यांनीच नंबर दिला होता, पोचलीस की कळव म्हणून. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, ये तू, खाट बाहेर राहील. ते त्यांनी कसं जमवलं ते मला नंतर कळलं. त्या त्याच्या दारात गेल्या आणि एवढंच म्हणाल्या की खाट ओसरीवर काढ, न्हाई तर तुझ्या सासऱ्याला फोन लावते, तुझी बायको का गेली ते त्यालाबी ठाव हाय, मलाबी ठाव हाय.

मॅडमना मी ते काम सोडत नाही म्हणून कळवलं. पुढच्या खेपेला खाट ओसरीवर होती. मुलगा शेतात गेलेला होता आणि त्यानंतर मी यायच्या दिवशी तो नेहमी शेतातच असायचा. मावशींनी आडोशाला जुनं लुगडं बांधलं. कूस त्या धरायच्या. हात काटकुळे होते पण धरायच्या घट्ट. दार उघडं, गल्ली समोर, येणारे-जाणारे दिसतात, माझ्या चपला पायरीवर, मावशींच्या चपलांशेजारी. याहून सुरक्षित जागा मला कामात मिळालेली नाही.

फक्त मी बोलेनाशी झाले. आता पाणी लावते, आता चुणचुणेल, आता झालं. त्यापलीकडं नाही. मावशी होत्या, गल्ली होती, आणि मला ऐकणाऱ्या कानांची धास्ती बसली होती. मावशींनासुद्धा मी मालक आहेत असंच सांगितलेलं होतं, आणि तेच राहू दिलं. आजी माझ्याकडं बघत राहायच्या. त्यांना वाटत असणार की मी रागावले. एकदा मावशी शेळी सुटली म्हणून उठून गेल्या. ओसरीवर आम्ही दोघीच उरलो. आजींनी चांगला हात माझ्या हातावर ठेवला आणि वाट बघत राहिल्या. मी दाराकडं बघितलं, आतल्या कापसाकडं बघितलं.

"बस उशिरा आली आज," मी म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्या गेल्या. जखम बरीचशी भरली होती, गेल्या त्या दुसऱ्या झटक्यानं. मी नुकतीच कामावरून आले होते, खोलीचं कुलूप काढत होते, तेव्हा मावशींचा फोन आला. उद्या येऊ नको, म्हणाल्या. मी विचारलं कधी, तर म्हणाल्या, दुपारी. पलीकडं शेळीच्या गळ्यातली घंटी वाजत होती.

"मंग आता तू काय येत न्हाईस इकडं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, काम निघालं की येईन.

"काम कशाला पायजे. मालकाला सांग, एकदा घिऊन ये म्हणावं. भेटू तरी."

"सांगते," मी म्हटलं.

फोन ठेवला. चपला काढून आत घेतल्या. मग दारातले बूट उचलून त्यांच्याखालची धूळ झाडली आणि ते थोडे तिरके, भिंतीपासून जरा लांब ठेवले. रोज एकाच जागी दिसले तर लोकांच्या लक्षात येतं.